विरूपित स्वर : त्याची वीज आणि त्याच्या दोन वाटा

प्रवर्धकात शिरणारा ध्वनितरंग आणि त्यातून बाहेर पडणारा ध्वनितरंग यांचा आकार सारखा राहिला नाही म्हणजे विरूपण झाले, इतकाच ‘विरूपण’ या संज्ञेचा काटेकोर अर्थ होय. तीत निंदा नाही आणि स्तुतीही नाही. व्यवहारात मात्र या शब्दाला आणि त्याच्या ‘विकृती’, ‘बिघाड’, ‘खरखर’ या सोयऱ्यांना दोषाचा वास चिकटलेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विद्युत गिटारचा इतिहास याच्या नेमका उलट साक्ष देतो. त्या इतिहासात यंत्राचा दोष हा वाद्याचा आवाज बनला, आणि पुढे तो दोष हवा तसा, हवा तेव्हा व हवा तितकाच घडावा म्हणून स्वतंत्र उपकरणे निर्माण झाली. हे स्थित्यंतर कसे घडले याचा शोध घेतला असता दोन गोष्टी निर्णायक ठरल्याचे दिसते : विरूपण करणाऱ्या उपकरणाला मिळणारी वीज, आणि मूळ स्वरासाठी मोकळी ठेवलेली वाट. या दोहोंचा क्रम मांडून कोपरखैरणे या एका वसाहतीतील वाद्यसंगीताच्या अभ्यासास त्यांचा काय उपयोग होतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. स्थळ

ठाणे खाडीच्या पूर्वेकडील कोपरखैरणे, खैरणे, बोनकोडे ही मूळची आगरी-कोळ्यांची गावे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर त्यांचा निर्वाह चाले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नव्या शहराची आखणी सुरू झाली. १९९२ पासून हा भाग नवी मुंबई महानगरपालिकेत आला आणि २००४ साली ठाण्याहून येणाऱ्या लोहमार्गाने तो उपनगरी गाड्यांना जोडला गेला. या क्रमात जुने गावठाण आणि नवे सेक्टर हे एकमेकांस खेटून उभे राहिले. सेक्टरांत माथाडी कामगारांची घरे आहेत, कार्यालयांत काम करणाऱ्यांच्या गृहसंस्थाही आहेत.

अशा वसाहतीत विजेवर वाजणारी दोन तंतुवाद्ये शेजारी नांदतात. लग्नाच्या व गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर किंवा टेम्पोवर ठेवलेला बेंजो कर्ण्यांतून वाजतो; आणि इमारतीतील एखाद्या खोलीत तरुण वादक पायाशी पेडलांची रांग मांडून गिटार वाजवितो. दोहोंचा स्वर विरूपित असतो. एकाला वरातीचा गोंगाट आणि दुसऱ्याला परदेशी गोंगाट म्हणून बाजूस सारण्याची सुशिक्षितांची प्रवृत्ती असल्यामुळे दोहोंमधील नाते सहसा तपासले जात नाही.

२. जवारी : एक पूर्वपीठिका

विरूपणाला गुण मानणे ही मराठी कानाला नवी गोष्ट नव्हे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसून अत्यल्प वक्र असतो. छेडलेली तार त्या वक्रतेला पुनःपुन्हा स्पर्श करते, आणि तारेखाली सरकविलेल्या दोऱ्याने तो स्पर्श नेमका केला म्हणजे मूळ स्वराबरोबर वरच्या उपस्वरांची झळाळी उमटते. हीच जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर उमटूच नये असे प्रचलित नियम सांगत होता, तेथे छेडूनही तो उपस्वर या वाद्यांत ऐकू येतो, असे त्यांनी दाखविले. म्हणजे घोडीच तारेच्या साध्या कंपनाचे रूप बदलते व त्यात नवे घटक निर्माण करते. मिरजेच्या तंतुवाद्य-कारागिरांची ख्याती ज्या कौशल्यांवर उभी आहे, त्यांत जवारी काढण्याचे कौशल्य प्रमुख आहे. मराठीत ‘जवारीदार आवाज’ हा गायकाच्या कंठाचाही गौरव ठरतो.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. तंबोऱ्यात प्रत्येक तारेचा दोरा वेगळा असतो आणि प्रत्येकीची जवारी स्वतंत्रपणे लावली जाते. चार तारांचे स्वर आधी समृद्ध होतात आणि नंतर हवेत एकमेकांत मिसळतात. विद्युत गिटारमध्ये क्रम उलटा आहे. सहाही तारांची कंपने पिकअपमध्ये आधी एकत्र होतात आणि त्या एकाच मिश्र प्रवाहाचे नंतर विरूपण होते. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या क्रमभेदात आहे.

३. दोषाचा शोध

१९५१ साली मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ या गीताचे ध्वनिमुद्रण झाले. त्यातील गिटारचा प्रवर्धक प्रवासात बिघडला होता व ध्वनिवर्धकाच्या फाटलेल्या पडद्यात कागद कोंबून काम भागविण्यात आले, असे सांगितले जाते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीतात ग्रेडी मार्टिन यांचे वादन ध्वनिमुद्रण-यंत्राच्या नादुरुस्त मार्गिकेतून गेले आणि घोगरा, फाटका स्वर उमटला. अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी हा बिघाड टाकून न देता त्याचे कारण शोधले आणि रेव्हिस हॉब्स यांच्या साह्याने तोच परिणाम ट्रान्झिस्टरांनी घडविणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ साली ‘मायस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणले. प्रारंभी त्यास फारसे गिऱ्हाईक नव्हते. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात किथ रिचर्ड्स यांनी ते वापरले आणि मागणी एकाएकी वाढली. तत्पूर्वी १९६४ साली किंक्स या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी छोट्या प्रवर्धकाचा पडदा पात्याने चिरून असाच स्वर मिळविला होता.

या घटनांचा क्रम बोलका आहे. प्रथम अपघात, मग मुद्दाम केलेली मोडतोड, आणि अखेर त्या मोडतोडीचे काम करणारी, पायाने चालू-बंद करता येणारी पेटी. दोष वाद्यापासून वेगळा काढता आला तेव्हाच त्याची निवड शक्य झाली.

४. वीज

वेगळ्या पेटीला वेगळी वीज लागते. फझ-टोनमध्ये जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते आणि दीड व्होल्टच्या दोन कोरड्या घटांवर ते चाले. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या ‘फझ फेस’ला नऊ व्होल्टची बॅटरी लागे. ट्रान्झिस्टर रेडिओमुळे ही बॅटरी सर्वत्र मिळत होती. नऊ व्होल्ट हे पेडलांचे प्रमाण ठरले.

फझच्या मंडलात तरंगाची उंची पुरवठ्याच्या व्होल्टतेपलीकडे जाऊ शकत नाही. तरंगाचे शिखर तेथे छाटले जाते आणि छाटलेल्या शिखरातून नवे उपस्वर निर्माण होतात. अर्थात पुरवठा हाच येथे घोडीचा माथा होय. बॅटरी उतरत जाते तसतशी छाटणी लवकर होते आणि स्वर अधिक दबका, तुटक होतो. साध्या कार्बन-जस्त बॅटरीचा अंतर्गत रोध अल्कलाइन बॅटरीहून अधिक असतो. म्हणून काही वादक फझसाठी मुद्दाम जुन्या पद्धतीची स्वस्त बॅटरी वापरतात. यात अंधश्रद्धा मानण्याचे कारण नाही. मात्र हा नियम सर्व पेडलांना लावणे चूक ठरेल. १९७८ च्या ‘बॉस डीएस-१’ सारख्या पेडलांत छाटणी मुख्यतः डायोडांकडून होते. सिलिकॉन डायोडची मर्यादा सुमारे ०·६ व्होल्ट असल्यामुळे बॅटरी थोडी उतरली तरी स्वर फारसा बदलत नाही.

जर्मेनियमची आणखी एक अडचण उष्ण प्रदेशात विशेष जाणवते. त्याच्या ट्रान्झिस्टरातील गळतीचा प्रवाह तापमान दर दहा अंशांनी वाढले की स्थूलमानाने दुप्पट होतो. लंडनच्या हिवाळ्यात जुळविलेले मंडल खाडीकाठच्या मे महिन्यात तसेच वागेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. पुढे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले तेव्हा ही चंचलता कमी झाली. पण स्वरही अधिक तीक्ष्ण झाला.

घरातील वीज पेडलाला देऊ लागताच वेगळाच प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्रात घरगुती पुरवठा २३० व्होल्टांचा व सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करताना दोन्ही अर्धतरंग वापरले जातात, त्यामुळे अपुऱ्या गाळणीतून सेकंदाला १०० आवर्तनांचा तरंग शिल्लक राहतो. ज्याला वादक ‘हम’ म्हणतात त्या गुंजारवात ५० व १०० हे दोन्ही घटक सापडतात. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सुमारे ८२ असल्याने हा गुंजारव वाद्याच्या स्वरक्षेत्रातच पडतो. विरूपण करणारे पेडल क्षीण प्रवाह शंभरपट किंवा त्याहूनही वाढविते. तेव्हा पुरवठ्यातून स्वरमार्गात शिरलेला लहानसा दोष तितकाच वाढतो, छाटला जातो आणि त्याचेही उपस्वर उमटतात. अमेरिकेत पुरवठा ६० आवर्तनांचा असल्याने तेथील गुंजारवाची पट्टी निराळी आहे. या अर्थाने प्रत्येक देशाची वीज आपला एक न मागितलेला खर्ज वाद्यात सोडत असते.

एकाच अडॅप्टरच्या साखळीवर अनेक पेडले जोडली असता आणखी दोन संकटे संभवतात. पहिले भूमिजोडणीचे. ध्वनीच्या तारेतून आणि विजेच्या तारेतून अशा दोन वाटांनी भूमी जोडली गेली की एक वळे तयार होते व त्यात गुंजारव प्रेरित होतो. दुसरे ध्रुवतेचे. जुन्या जर्मेनियम फझमध्ये बॅटरीचे धन टोक भूमीला जोडलेले असते, तर बहुतेक अन्य पेडलांत ऋण टोक. दोन्ही प्रकार एकाच साखळीवर आले तर पुरवठ्याचा मंडलसंक्षेप होतो. प्रत्येक पेडलास रोहित्राच्या स्वतंत्र गुंडाळीतून विलग वीज देणारी पेटी हा या दोहोंवरील उपाय होय. अंकीय पेडलांना शंभर ते तीनशे मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो, तर साध्या फझला एखाद-दुसरा मिलिअँपिअरही पुरतो. म्हणून केवळ व्होल्टता जुळविणे पुरेसे नसते. सारांश, ज्या स्वरात अशुद्धी हवी असते त्याच्या विजेत मात्र शुद्धी लागते. नियंत्रित दोषासाठी अनियंत्रित दोष दूर करावे लागतात.

५. मुंबई आणि बेंजो

मुंबईला विजेचा वारसा जुना आहे. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्राची वीज १९१५ पासून शहरास मिळू लागली. परंतु विद्युत वाद्ये आणि त्यांची उपकरणे मिळणे ही वेगळी गोष्ट होती. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यापासून १९९१ च्या उदारीकरणापर्यंत परदेशी सामग्री दुर्मिळ व महाग राहिली. तरीही १९७० व १९७१ च्या ‘सिमला बीट’ स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिकांत भारतीय तरुणांच्या वाद्यवृंदांचे फझ ऐकू येते. १९७१ च्याच ‘हरे राम हरे कृष्ण’ या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतात भूपिंदर सिंग यांच्या गिटारने विद्युत स्वर घरोघर पोहोचविला. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मुंबईतील महोत्सव या वादनाचे प्रमुख व्यासपीठ ठरला. उपकरणांच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड आणि वाद्यांसाठी धोबी तलाव ही या वादकांची ठरलेली ठिकाणे होती. एकविसाव्या शतकात ‘ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन’सारखी संस्था मुंबईतच विरूपणाची पेडले बनवू लागली.

बेंजोचा प्रवास याहून निराळा आहे. नाव अमेरिकी वाद्याचे असले तरी हे वाद्य वस्तुतः जपानी ‘ताइशोगोतो’चे वंशज आहे. ते १९१२ साली नागोया येथे मोरिता गोरो यांनी तयार केले. टंकलेखन-यंत्रासारख्या किल्ल्या दाबून तारेची लांबी कमीजास्त करण्याची त्याची युक्ती भारतात ‘बुलबुलतरंग’ या नावाने रूढ झाली. नाव एका वाद्याचे, घडण दुसऱ्याची आणि संगीत तिसऱ्याच प्रदेशाचे, असा हा भाषाभ्यासकालाही विचार करावयास लावणारा प्रकार आहे. मुंबई व तिच्या परिसरातील कोळी-आगरी वस्त्यांत या वाद्याला पिकअप बसले, ते ताशा-ढोलांच्या जोडीला आले आणि ‘बेंजो पार्टी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

मिरवणूक चालती असल्याने तिला घरची वीज मिळत नाही. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी किंवा जनरेटर हाच तिचा पुरवठा. ढोल-ताशांच्या वर स्वर चढावा म्हणून प्रवर्धक मर्यादेपर्यंत नेला जातो, मागणी वाढताच पुरवठ्याची व्होल्टता खचते आणि तरंगाची शिखरे छाटली जातात. फझच्या पेटीत जे मुद्दाम घडविले जाते ते येथे परिस्थितीने घडते. शिवाय कर्णा खालचे स्वर फारसे देत नाही. पण विरूपणाने निर्माण झालेले वरचे उपस्वर तो चांगले फेकतो. मूळ स्वर क्षीण असला तरी उपस्वरांच्या अंतरावरून कान तो स्वर मनात पुरा करून घेतो. यामुळे गल्लीच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसालाही चाल नीट ओळखता येते. बेंजोचा विरूपित स्वर हा केवळ गोंगाट नसून रस्त्याच्या गरजेतून सिद्ध झालेला स्वर आहे, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

६. दोन वाटा

आता जवारीच्या संदर्भात नोंदविलेल्या क्रमभेदाकडे वळावयास हवे. दोन स्वर एकत्र करून त्यांचे विरूपण केले असता केवळ त्यांचे उपस्वर उमटत नाहीत. त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वरही उमटतात. षड्ज ११० आणि पंचम १६५ घेतला तर ५५, २२० आणि २७५ हे स्वर निर्माण होतात. हे सर्व ५५ च्या पटीत आहेत, म्हणून संवाद टिकतो. रॉक संगीतातील गिटारवादक विरूपणाबरोबर षड्ज-पंचमाचीच जोडी का वाजवितात, याचे उत्तर येथे आहे. त्यात गिटारच्या समविभाजित सप्तकातील गांधार, म्हणजे १३८·६, मिळविला की ११० शी त्याच्या संयोगातून १६७·२ हा स्वर उमटतो. तो त्याच सप्तकातील पंचमाशी, म्हणजे १६४·८ शी, भिडून सेकंदाला सुमारे अडीच ठोके देतो आणि स्वरसंघात गढूळ होतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार १३७·५ असतो. त्याच्या संयोगातून नेमका १६५ च मिळतो. गढूळपणा विरूपणाचा नव्हे, तर विरूपणाने उघड केलेल्या स्वरस्थानांच्या तडजोडीचा आहे. बेंजोत किल्ल्यांखालील तारा एकाच स्वरात किंवा सप्तकाच्या अंतराने मिळविलेल्या असल्यामुळे त्याला ही अडचण फारशी भेडसावत नाही.

गिटारवादकांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे प्रवाहाची विभागणी. एक वाट विरूपणाकडे जाते, दुसरी स्वच्छ राहते आणि शेवटी दोन्ही योग्य प्रमाणात मिसळतात. स्वच्छ वाट आघात व खर्ज सांभाळते, विरूपित वाट झळाळी व दीर्घता देते. ‘येस’ या वाद्यवृंदाचे ख्रिस स्क्वायर यांनी आपल्या बास गिटारच्या दोन पिकअपांचे प्रवाह वेगवेगळ्या प्रवर्धकांकडे नेऊन याचा प्रभावी उपयोग केला. बास वाद्यासाठी ही विभागणी विशेष आवश्यक असते, कारण छाटणीत खर्जाचा भरीवपणा लवकर हरवतो. दुसरी पद्धत म्हणजे खालचे व वरचे स्वर गाळणीने वेगळे करून त्यांचे स्वतंत्र विरूपण करणे. यात दूरच्या स्वरांचे परस्परमिश्रण टळते. तिसरी पद्धत सर्वांत मूलगामी आहे. रोलंड कंपनीने १९८० च्या सुमारास काढलेल्या ‘जीआर-३००’ या उपकरणात सहा तारांसाठी सहा स्वतंत्र पिकअप व सहा स्वतंत्र विरूपणे होती. प्रत्येक तारेची जवारी वेगळी लावण्याचे तंबोऱ्याचे तत्त्व येथे विजेच्या मार्गाने पुन्हा साधले गेले.

विभागणीलाही नियम आहेत. पिकअपचा प्रवाह क्षीण असतो. तो सरळ दोन तारांत वाटला तर दोन्हींकडे वरचे स्वर मंदावतात, म्हणून आधी मध्यस्थ प्रवर्धक लागतो. एखादे पेडल तरंग उलटा करीत असेल तर मिश्रणात दोन वाटा एकमेकींना खोडतात. एका वाटेत अंकीय उपकरणामुळे एक सहस्रांश सेकंदाचा विलंब झाला तरी ५०० आवर्तनांच्या आसपासचा स्वर खचतो. दोन वाटा दोन प्रवर्धकांकडे गेल्यास भूमिजोडणीचे वळे पुन्हा तयार होते. तेव्हा एका वाटेत विलगक रोहित्र ठेवावे लागते. भूमीची सुरक्षातार तोडून हे काम भागविणे प्राणघातक ठरू शकते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, विरूपण हा शब्द मूल्यनिरपेक्ष ठेवणे इष्ट आहे. ज्या भाषेत जवारी हा गौरवाचा शब्द आहे तिच्या अभ्यासकांना हे जड जाऊ नये. दुसरी, विरूपित स्वराची गुणवत्ता विरूपणाच्या मात्रेवर जितकी अवलंबून असते तितकीच त्याच्या शुद्ध पुरवठ्यावर आणि अविरूपित राखलेल्या वाटेवर असते. तिसरी गोष्ट संशोधनाच्या कर्तव्याची आहे. मिरवणुकीतील बेंजोची जागा डीजेच्या ध्वनिवर्धकांनी झपाट्याने घेतली आहे. गीतांच्या चाली कुणाच्या तरी स्मरणात राहतील; परंतु बॅटरी कोणती होती, प्रवर्धक किती व्होल्टांवर चाले, कर्णे किती व कसे बांधले जात, पिकअप कोण बसवून देई, या गोष्टी चालींबरोबर आपोआप टिकत नाहीत. लोकवाद्याची नोंद करताना लाकूड, कातडे व तार यांची मोजमापे घेण्याची पद्धत आहे. कोपरखैरण्यासारख्या गावठाणांत नोंद करणाऱ्याने त्याच काळजीने विजेचीही मोजमापे घ्यावयास हवीत. तो स्वर त्या विजेतून घडला होता. ती वगळून केलेले त्याचे वर्णन अपुरे राहील.